दारातली इस्टेट

आमच्या अर्धापूर भागात 'इस्टेट' हा शब्द मूळचा इंग्रजी आहे, हे कुणाला सांगूनही पटायचे नाही. इस्टेट म्हणजे जमीनजुमला, वाडा, विहिरीतली पाळी, केळीचा मळा. सोयरीक जुळवताना 'पोराला इस्टेट किती?' हा प्रश्न आधी येतो, पोराचे शिक्षण नंतर. त्यामुळे १९९७ च्या उन्हाळ्यात तात्या लातूरहून टाटांची जुनी इस्टेट मोटार घेऊन आले, तेव्हा गावात बातमी पसरली ती वेगळीच. तात्यांनी लातुरात इस्टेट घेतली! पुढचे दोन दिवस लोक चहाला येत होते आणि प्लॉट रिंग रोडच्या आत की बाहेर, कोपऱ्याचा आहे का, असे विचारत होते. तात्या काही न बोलता दाराकडे बोट दाखवायचे. तिथे कडुनिंबाखाली ती उभी असायची. पांढरी, लांबलचक, आणि मागे डिकीच्या जागी काचेची एक खोलीच असलेली.

"मोटार चांगली हाय, पर मागून मुडद्याची गाडी दिसूलालीय," शेजारचे अण्णा म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते. त्यांना जे दिसले ते त्यांनी सांगितले. पण आमच्या मोठ्या मायने, म्हणजे थोरल्या चुलतीने, ते ऐकले आणि मनात धरून ठेवले.

मोटारीच्या या जातीला इस्टेट का म्हणतात ते मला फार उशिरा कळले. विलायतेत बड्या लोकांच्या मोठमोठ्या जहागिऱ्या, म्हणजे त्यांच्या भाषेत इस्टेटी. पाहुण्यांना रेल्वे स्टेशनवरून वाड्यावर आणायचे, बरोबर त्यांच्या ट्रंका, शिकारीच्या बंदुका, कुत्री. त्यासाठी मागे लाकडी सांगाडा चढवलेल्या मोटारी वापरात आल्या, त्या इस्टेट कार. अमेरिकेत तिलाच स्टेशन वॅगन म्हणू लागले, कारण तिथेही काम तेच, स्टेशनवरून माणसे आणि सामान आणणे. जर्मनीत तिला कोंबी म्हणतात. पुढे स्वीडनच्या व्होल्वोने या गाडीला पोराबाळांच्या मध्यमवर्गीय घराची गाडी अशी ओळख दिली. जहागीरदाराच्या दारातून निघालेली मोटार अशी मास्तराच्या आणि डॉक्टराच्या दारात येऊन थांबली. आपल्याकडे मात्र ती कुणाच्याच दारात नीट थांबली नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसिडरची इस्टेट काढली होती. मग पुण्याच्या टेल्कोने, टाटा मोटर्स हे नाव तिला २००३ साली मिळाले, १९९१ मध्ये दोन दारांची सिएरा आणली आणि १९९२ मध्ये ही इस्टेट. दोन्ही गाड्यांचा पाया टाटामोबिल या पिकअपचा. खाली मालवाहू गाडीचा दणकट सांगाडा आणि वर साहेबी डगला. १९४८ सीसीचे डिझेल इंजिन, पाच गिअर, बटण दाबले की खालीवर होणाऱ्या काचा. मोटार म्हणजे फियाट, अँबॅसिडर, नाहीतर मारुती, अशा त्या काळात बटणाच्या काचेचे अप्रूप एवढे की आमच्या गल्लीतली पोरे रांग लावून काच खालीवर करून जायची. बॅटरी उतरायची ती त्यामुळे, हे तात्यांना महिनाभराने कळले.

पण १९९४ साली त्याच कंपनीची सुमो आली. टेल्कोची उभारणी करणारे सुमंत मुळगावकर यांच्या नावातली अक्षरे घेऊन हे नाव ठेवले गेले. इंजिन तेच, पण आत दहा माणसे. मागे समोरासमोर दोन बाके, त्यावर चौघे बसायची ती सहा बसत. मराठवाड्याने सुमोला आणि तिच्या आधीपासून असलेल्या ट्रॅक्सला जे जवळ केले, त्याला दुसरे कारण नाही. आमच्याकडे गाडीचा हिशेब डोक्यांवर होतो. लग्नाला किती माणसे नेता येतील, तेराव्याला किती, तुळजापूरला किती. सामान? सामान टपावर टाका, दोरी बांधा. इस्टेट पाच माणसांची आणि मागे भरपूर सामानाची. पाच माणसे नेणारी एवढी लांब गाडी म्हणजे एका खाटेसाठी अख्खा सोपा अडवल्यासारखे. शिवाय ज्याला रुबाब हवा त्याला मागे वेगळी डिकी हवी. सामान उघड्यावर दिसणारी गाडी म्हणजे टेम्पो, मग तिला कितीही काचा लावा. इस्टेट अशी दोन्हीकडून हरली. २००० सालाच्या सुमारास ती बनायचीही थांबली.

तात्यांनी ती का घेतली, तर स्वस्त मिळाली म्हणून. लातूरच्या एका डॉक्टरांची गाडी, १९९४ ची, नंबर एमएच-२४. तो नंबर आजही तोच आहे, त्यामुळे नांदेडात आम्हाला लोक लातूरचे समजतात. दुसरे कारण तात्यांनी बोलून दाखवले नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होते. माझ्या आजोबांना कमरेच्या दुखण्यामुळे बसता येत नव्हते. नांदेडला दवाखान्यात न्यायचे तर ट्रॅक्सच्या बाकावर आडवे करून, दोघांनी धरून. इस्टेटची मागची सीट पाडली की गादी टाकण्याएवढी सपाट जागा होते. आजोबा त्यात पहिल्यांदा आडवे झाले आणि काचेतून वर बघत म्हणाले, "दमणी हाय की ही!" दमणी म्हणजे माणसांना न्यायची छताची बैलगाडी. तिच्यात गवत, त्यावर गोधडी, त्यावर बायका-पोरे आणि पायाशी शिदोरी. या मोटारीचे इतके अचूक वर्णन मी नंतर कुठेही वाचले नाही.

अशा गाडीबरोबर राहणे ही वेगळीच गोष्ट असते. डिकीच्या गाडीत सामान आणि माणूस यांच्यात एक भिंत असते. इस्टेटमध्ये ती नसते, त्यामुळे मागे जे आहे ते सगळे पुढे येते. आधी वास येतो. आमचा भाग केळीचा आणि हळदीचा. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी आले तशा बागा वाढल्या आणि अर्धापुरी केळी ट्रकांनी उत्तरेला जाऊ लागली. मळ्यातून दोन घड घरी आणायचे तर इस्टेटमध्येच. तिसऱ्या दिवशी गाडीला पिकल्या केळीचा वास, आणि पुढे तो महिनाभर. केळीचा चीक हा तर कायमचा पाहुणा. कपड्यावर पडला की काळा डाग, कोणत्याही साबणाला दाद न देणारा. मागच्या सीटवर आमच्या घरातल्या प्रत्येक वर्षाचा एकेक डाग आहे. उकडून वाळवलेली हळद वसमतच्या बाजारात न्यायची, तिची भुकटी दारांच्या रबरात जाऊन बसते. २००१ सालची हळद मला २०१० साली रबर बदलताना सापडली.

मग आवाज. दुधाची रिकामी किटली मागे असली तर प्रत्येक खड्ड्याला तिचे मत ऐकावे लागते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे धोका. लोह्याच्या अलीकडे एकदा गाय आडवी आली, काकांनी ब्रेक दाबला आणि न बांधलेला तेलाचा डबा थेट पुढे आला. कुणाला लागले नाही, पण काकूंचे लुगडे, दोन वर्षांचे कॅलेंडर आणि हातातला प्रसादाचा नारळ, सगळे तेलाने न्हाले. चूक आमची. बैलगाडीत माल बांधायचा असतो हे आमच्या पिढीजात अंगवळणी पडलेले, पण मोटारीत बसल्यावर आम्ही ते विसरलो होतो. त्यानंतर मागे कायम एक सोल ठेवलेला असतो. सोल म्हणजे आमच्याकडची जाड दोरी.

पावसाळ्यात तिचे गुण आणखी कळतात. आमची माती काळी, ओली झाली की टायरला धरून बसते आणि मग टायर टायर राहत नाही, मातीचा गोळा होतो. या गाडीला ओढ मागच्या चाकांची. मागे वजन नसेल तर चाके जागीच गरगरतात. म्हणून मळ्यात जाताना मागे खताची दोन पोती टाकायची. रिकामी इस्टेट फसते, भरलेली निघते. हे ज्ञान कोणत्या पुस्तकात असेल तर असो, आम्हाला ते काकांनी एका आषाढात बैलजोडी लावून शिकवले.

वेगाबद्दल बोलू नये. लातूर रस्त्याला उसाचा ट्रॅक्टर पुढे असला की तो ओलांडायचा विचार एका गावात करायचा आणि ओलांडायचा पुढच्या गावात. डिझेल लिटरला बारा-तेरा किलोमीटर. हे आकडे मी अंदाजाने देत नाही, त्यासाठी वही आहे. तिच्याकडे येतो.

दरम्यान इतर इस्टेटवाल्यांना मी शोधत राहिलो. ते फार नाहीत, म्हणून भेटले की सोयऱ्यासारखे बोलतात. लातूरला एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांच्याकडे हीच गाडी, मात्र कोरी घेतलेली. दर उन्हाळ्यात ते पत्नीसह तिच्यातून निघत आणि रात्री मागे गादी टाकून झोपत. मुक्कामाला लॉज बघायचा नाही, हा त्यांचा नेम. "आमच्या संसारात घर दोनदा बदललं, पण खोली हीच," असे ते म्हणाले. नांदेडला एक लग्नाचे फोटोग्राफर आहेत, त्यांच्याकडे इंडिगो मरिना होती. २००४ साली आलेली टाटांचीच दुसरी इस्टेट. दिवे, स्टँड, कॅमेऱ्याच्या पेट्या, सगळे तिच्यात मावायचे आणि पावसात भिजायचे नाही. मात्र लग्नघरी मंडपाच्या दारात वॉचमन त्यांना केटररच्या बाजूला गाडी लावायला सांगायचा. सेडान घेऊन गेलो तर तोच वॉचमन सलाम करतो, असे ते हसत सांगत होते, पण हसणे पूर्ण नव्हते.

मरिना काही वर्षांत बंद पडली. तिच्या आगेमागे मारुतीची बलेनो अल्टुरा, फियाटची सिएना वीकेंड, ओपेलची कोर्सा स्विंग, अशा इस्टेटी येऊन गेल्या. शेंद्र्याला, आपल्याच मराठवाड्यात, २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला. त्यांच्या ऑक्टेव्हियाचीही कोंबी भारतात आली. युरोपात ती घरोघरी आहे, इथे तीही टिकली नाही. आता लोक ज्या उंच, चौकोनी गाड्या घेतात त्यांना मागे तसेच उघडे दार, तशीच पडणारी सीट असते. फक्त गाडी जमिनीपासून वीतभर वर उचलली आणि नाव एसयूव्ही ठेवले. उंची वाढली की त्याच गाडीला मान मिळाला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात गाडीचा दोष फार थोडा होता.

आमच्या घरातला मान-अपमानाचा प्रसंग २००३ साली आला. आजोबा नांदेडच्या दवाखान्यात गेले. रात्रीचे दोन. दवाखान्याची गाडी बाहेरगावी गेलेली, सकाळपर्यंत थांबा म्हणाले. तात्या आणि आबांनी एकमेकांकडे पाहिले. ज्या गादीवर आजोबांना सकाळी नेले होते, त्याच गादीवर त्यांना परत आणले. गाडी तात्यांनीच चालवली. रस्ता तीस-पस्तीस मिनिटांचा, पण त्यांनी त्या रात्री तासभर लावला. खड्डा आला की जवळजवळ थांबायचे. मी शेजारी बसलो होतो. "हळू कशाला?" असे मी विचारले नाही.

सकाळी दारात गर्दी झाली आणि मागचे दार उघडले. अण्णाही होते. ते काही बोलले नाहीत, पण मोठ्या मायने त्यांच्याकडे पाहिले. त्या दिवसानंतर मोठी माय त्या गाडीत बसली नाही. तुळजापूरला निघालो तर ती एस.टी.ने आली. माळेगावच्या यात्रेला खंडोबाला गेलो तर ती आलीच नाही. २००६ साली ताईचे लग्न झाले, तेव्हा पाठवणी या गाडीतून करू नका असे तिने बजावून सांगितले. नवरदेवाकडच्यांनाही ते नकोच होते. त्यांनी फुलांनी सजवलेली सेडान आणली. इस्टेटमधून गेले ते रुखवत, पातेली, कपाट, शिलाई मशीन आणि ताईच्या पुस्तकांच्या तीन पेट्या. ताई नंतर सांगायची, सासरी उतरल्यावर अनोळखी अंगणात ओळखीचे एकच काही उभे होते, ते ही गाडी.

२०१२ साली वाटणी झाली. जमीन तीन हिश्शांत गेली, वाड्यात दोन भिंती आल्या, विहीर सामाईक राहिली, पाळीने पाणी. गाडी तात्यांच्या नावावर, पण घेताना पैसे एकत्र घरातले. विकावी तर भंगाराच्या भावाने जाणार. एकाने घ्यावी तर दुसऱ्या दोघांना किती द्यायचे? बैठकीत यावर जमिनीपेक्षा जास्त वेळ गेला. शेवटी आबा म्हणाले, "इस्टेटीची वाटणी झाली. ही इस्टेट ऱ्हाऊ द्या इहिरीसारखी." आणि खरेच तशी पाळी ठरली. आठवडा-आठवडा, सोमवारी सकाळी किल्ली दुसऱ्या दारात.

तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात दोनशे पानी वही आहे. तारीख, कुठे, किती किलोमीटर, डिझेल किती. सुरुवातीची पाने भांडणाची आहेत. 'टाकी रिकामी दिली.' 'मागे शेण होते, साफ करून घेणे.' 'जॅक कुणाकडे आहे?' काकांचे अक्षर गिचमिड, आबांचे मोडीच्या वळणाचे, तात्यांचे शाळेतल्या फळ्यासारखे. २०१५ चा दुष्काळ आला, तेव्हा सहा महिने जवळजवळ प्रत्येक नोंद एकच, 'पाणी, टाकी ५०० लिटर'. बागा वाचवायला कुणाची पाळी हे त्या महिन्यांत कुणी पाहिले नाही. नंतर नोंदी दवाखान्याच्या होतात. २०१९ मध्ये तात्यांचे अक्षर थांबते. त्यांच्या पाळीची पाने मी लिहितो.

१५ वर्षे झाली की मोटारीची नोंदणी नव्याने करावी लागते, मग दर पाच वर्षांनी. २००९, २०१४, २०१९, २०२४, चारही वेळा आम्ही ती केली. जुन्या मोटारीच्या नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून पाच हजारांवर गेले, शिवाय पर्यावरण कर. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. जुन्या गाड्यांचा धूर कमी व्हावा हा हेतू समजतो, त्याच्याशी वाद नाही. इंजिन सुमोचेच असल्याने नांदेडचे मिस्त्री ते डोळे मिटून खोलतात, पण मागच्या दाराची काच फुटली तर मिळणार नाही. २०२४ साली पासिंगला गाडी नेली तेव्हा माझ्या पुण्याच्या चुलतभावाने फोनवर विचारले, एवढ्या पैशात करतोयस काय तिचं? मला उत्तर सुचले नाही. त्याने त्याच्या वाट्याचे पैसे मात्र संध्याकाळी पाठवले.

गेल्या पावसाळ्यात मोठ्या मायच्या गुडघ्याचे ऑपरेशन नांदेडला झाले. घरी आणायचे तर पाय सरळ ठेवायला हवा, डॉक्टरांनी बजावले होते. आबांच्या मुलाची नवी उंच गाडी दारात होती, पण तिच्यात चढवताना पाय वाकवावा लागत होता. तिघांनी तीन वेळा करून पाहिले. मोठी माय घामाने भिजली. मग तीच म्हणाली, "ती घेऊन या."

कोणती, हे कुणी विचारले नाही. मी अर्धापूरला जाऊन तासाभरात आलो. सीट पाडली, नवी गादी टाकली, मागचे दार वर उचलले. तिला स्ट्रेचरवरून सरळ आत सरकवले. ती काही बोलली नाही. आसना नदीचा पूल ओलांडला, रस्ता आता चौपदरी आहे, गाडी शांत चालली होती. आरशात मला तिचे पांढरे केस आणि काचेतून मागे जाणारे विजेचे खांब दिसत होते.

"तुझा आजा इथंच निजला व्हता न्हवं?" तिने विचारले.

"हो."

थोडा वेळ गेला. मग म्हणाली, "काच जरा खाली घे. हळदीचा वास येऊलालाय."

मी बटण दाबले. डावीकडची काच अर्ध्यावर येऊन अडकली, ती तशीच राहू दिली. घरी आल्यावर वहीत लिहिले: नांदेड, मोठी माय, जाऊन-येऊन ३८ किलोमीटर. पाळी काकांची होती.